संगणकाची स्वरलिपी : आधी काय हवे?

कागदावर 'प' हे अक्षर लिहा आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब द्या. हा अनुस्वार नव्हे. ही स्वरलिपीतील खूण आहे. आता सांगा, हा पंचम कोणत्या सप्तकातला? तुम्ही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने शिकला असाल तर म्हणाल, तार सप्तकातला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीने शिकलेला तुमचा मित्र म्हणेल, छे, मंद्र सप्तकातला! दोघेही बरोबर. मध्य षड्जाची वारंवारिता २४० हर्ट्झ धरली, तर मंद्र पंचम १८० हर्ट्झचा आणि तार पंचम ७२० हर्ट्झचा. खूण एकच, पण दोन अर्थांत चौपटीचा फरक!

खूण आणि तिचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. पाश्चात्त्य संगीत पाच रेघांच्या पट्टीवर लिहिण्यासाठी संगणकाचे जे सॉफ्टवेअर निघाले, ते वापरणाऱ्यांत एक वाद सतत चालू असतो : पुढच्या आवृत्तीत आधी काय सुधारावे? या वादाचे मूळ खूण आणि अर्थ यांतल्या फरकातच आहे.

पान सुबक हवे

पहिला पक्ष म्हणतो, छापलेले पान सुरेख दिसले पाहिजे. पूर्वी कारागीर धातूच्या मऊ पत्र्यावर ठशांनी एकेक खूण उलटी ठोकून संगीताची पाने तयार करीत. त्या पानांचे सौंदर्य संगणकाला साधावे, याच हेतूने १९९६ साली नेदरलँड्समध्ये दोघा वादकांनी 'लिलीपाँड' हे सॉफ्टवेअर लिहिण्यास आरंभ केला.

यात गणित कोठे आले? समजा, अर्ध्या मात्रेच्या स्वराला पानावर २ एकक जागा दिली. मग १, २ आणि ४ मात्रांच्या स्वरांना अनुक्रमे ४, ८ आणि १६ एकक द्यावीत काय? तसे केले तर दीर्घ स्वरांपुढे मोकळे मैदान पडेल. म्हणून काळ दुप्पट झाला की जागा दुप्पट न करता तीत ठरावीक भर घालतात : २, ३, ४, ५ अशी. काळ गुणोत्तर श्रेढीने वाढतो, जागा अंकगणिती श्रेढीने. हेच लॉगॅरिथमचे नाते होय. वादकाची नजर अशा पानावरून न अडखळता धावते. नाटकाच्या खड्ड्यात मंद उजेडात बसलेल्या व्हायोलिनवादकाला ही केवळ हौस वाटणार नाही.

वाजवून दाखवायला हवे

दुसरा पक्ष संगीत रचणाऱ्यांचा. ते म्हणतात, साठ वादकांचा वृंद आमच्या घरी कोठून येणार? लिहिलेले संगणकाने लगेच वाजवून दाखवले, तर चूक तेथेच कळेल. 'म्यूझस्कोर' या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या डिसेंबर २०२२ मधील चौथ्या आवृत्तीत ध्वनीच्या सुधारणेवर मोठा भर होता.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक यांना जोडणारी 'मिडी' ही सांकेतिक पद्धत १९८३ साली आली. तिच्यात प्रत्येक स्वराला एक क्रमांक असतो. ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ. क्रमांक एकाने वाढला की वारंवारिता सुमारे १.०५९५ पट होते, आणि बारा पायऱ्यांनंतर बरोबर दुप्पट. पण यात एक अडचण आहे. 'सी'चा चढा स्वर आणि 'डी'चा उतरता स्वर, दोघांचाही क्रमांक ६१. पेटीवर ती एकच काळी पट्टी. कागदावर मात्र त्या दोन निराळ्या जागा आहेत आणि वादकाला त्यांतून निराळा बोध होतो. म्हणजे नुसता ध्वनी साठवला तर लेखनातला अर्थ हरवतो.

लिहिणे सोपे हवे

तिसरा पक्ष शिक्षकांचा आणि नवशिक्यांचा. उद्या सकाळी वर्गात वीस मुलांना पाने वाटायची आहेत, तेव्हा लिहिण्याचा वेग महत्त्वाचा. १९९३ साली ब्रिटनमध्ये फिन बंधूंनी आणलेले 'सिबेलियस' याच गुणाने नावाजले. मध्ये एक स्वर घातला की पुढची सारी मांडणी ते तत्काळ नव्याने करी.

पट्टीवर वाजवावे आणि संगणकाने ते आपोआप लिहून घ्यावे, असेही पुष्कळांना वाटते. पण अर्ध्या सेकंदाचा स्वर कोणीही नेमका ०.५०० सेकंद धरत नाही. तो कधी ०.४७ असतो, कधी ०.५३. तो कोणत्या मात्रेचा धरावा, हे संगणकाला जवळच्या पूर्ण मापात बसवून ठरवावे लागते, आणि तेथे चुका होतात.

२०२४ सालचा धडा

या तिन्ही पक्षांच्या गडबडीत चौथी मागणी मागे पडत असे : आमचे संगीत दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे नेता आले पाहिजे. तिचे मोल ऑगस्ट २०२४ मध्ये कळले. १९८८ सालापासून चाललेल्या 'फिनाले' या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे 'मेकम्यूझिक' कंपनीने जाहीर केले. वर्षानंतर नव्या संगणकावर त्याची नोंदणीही होणार नाही, असे प्रथम सांगण्यात आले. वापरणाऱ्यांनी गदारोळ केल्यावर ती अट मागे घेतली गेली. पण संगणक बदलत जातात, आणि न सुधारलेले सॉफ्टवेअर कधीतरी त्यांवर चालेनासे होते. ज्यांच्या उभ्या आयुष्याच्या रचना फिनालेच्या खास नमुन्यात साठवलेल्या होत्या, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला.

त्यांना आधार होता तो 'म्यूझिक-एक्सएमएल' या सामाईक नमुन्याचा. मायकेल गुड यांनी तयार केलेल्या या नमुन्याची पहिली आवृत्ती २००४ साली निघाली. त्यात स्वराचे चित्र मुख्य नसते. स्वराचे नाव, चढा की उतरता, सप्तक कोणते, काळ किती, असा अर्थ शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेला असतो. दुसरे सॉफ्टवेअर तो वाचून पान पुन्हा मांडते. हाताने केलेली बारीक सजावट या प्रवासात पुष्कळदा बिघडते, पण संगीत वाचते.

मग आधी काय?

प्रयोगशाळेत आपण निरीक्षणे कोष्टकात लिहितो आणि मग आलेख काढतो. आलेख फाटला तर कोष्टकावरून दुसरा काढता येतो. कोष्टकच हरवले तर आलेखावरून मूळ आकडे अदमासानेच मिळतात. संगीताचा अर्थ म्हणजे कोष्टक. छापील पान आणि वाजणारा ध्वनी हे त्यावरून काढलेले दोन आलेख. म्हणून सुबकपणा, ध्वनी आणि वेग यांची मागणी रास्त असली, तरी अर्थ नीट साठवणे आणि तो कोणालाही वाचता येणे, याला पहिला मान दिला पाहिजे.

हे वर्गात करून पाहा. आठ-दहा स्वरांची एक ओळ घ्या आणि कोष्टक आखा : स्वर, शुद्ध-कोमल-तीव्र, सप्तक, मात्रा. त्यावरून एकाने भातखंडे पद्धतीने लिहावे, दुसऱ्याने पलुस्कर पद्धतीने, आणि तिसऱ्याने पेटीवर वाजवावे. तिघांचे जुळले तर तुमचे कोष्टक पुरेसे आहे. मग त्याच ओळीत एक मींड घाला आणि ती कोणत्या रकान्यात लिहायची ते ठरवा. वाद सुरू झाला, तर तो मन लावून करा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही असेच प्रश्न सोडवावे लागतात.