जखम भरली, पण कशानं?

(उत्तन इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय कागदावर जरा जड वाटतो: शस्त्रक्रियेच्या जखमा आणि त्यांच्यावरच्या क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर रीतसर घेतलेल्या उपचारांच्या चाचण्या. पण मूळ प्रश्न साधा आहे. जखम भरून आली हे डोळ्यांना दिसतं. ती कशामुळे भरली, हे दिसत नाही. ते शोधायची पद्धत म्हणजे ट्रायल.

अडचण अशी आहे की बहुतेक जखमा आपल्या आपण भरतात. कापलं की आधी रक्त गोठतं. मग काही दिवस ती जागा लाल होते, सुजते. पांढऱ्या पेशी तिथली घाण आणि जंतू साफ करत असतात. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या आणि नवी ऊती तयार होते, कडेनं कातडी आत सरकत येते. आणि वरून सगळं मिटलं तरी आतलं कोलॅजेन पुढे कित्येक महिने पक्कं होत राहतं. या काळात तुम्ही मलम लावा, हळद लावा की नुसतं स्वच्छ फडकं बांधा, जखम बरी झाली की श्रेय त्यालाच मिळतं. "आमच्याकडे हेच लावतात आणि गुण येतो," असं लोक सांगतात, ते खोटं सांगत नाहीत. फक्त, ते लावलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं.

इथे उत्तनमध्ये हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. समजा, एका नाखव्यानं नवं डोल जाळं घेतलं. उधाणाच्या दिवसांत ते लावलं आणि बोंबील भरभरून मिळाला. जुनं जाळं त्यानं भांगाच्या दिवसांत लावलं होतं, तेव्हा पाण्याला तेवढी ओढ नव्हती. मग जास्त मासळी दिली कुणी, जाळ्यानं की पाण्यानं? तुम्ही लगेच म्हणाल, दोन्ही जाळी एकाच पाण्यात लावून बघा. झालं, ट्रायलचं अर्धं शास्त्र यात आलं.

रुग्णाच्या बाबतीत हे 'पाणी' म्हणजे त्याचं वय, मधुमेह, तंबाखू, अंगातलं रक्त, जखम किती खोल आहे ते. कुठल्या रुग्णाला कुठला उपचार द्यायचा हे डॉक्टरनं स्वतः ठरवलं, तर नकळत धडधाकट माणसं नव्या उपचाराकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून ही वाटणी चिठ्ठी टाकल्यासारखी नशिबावर सोडतात. यालाच रँडमायझेशन म्हणतात. आणि 'बरं झालं' कशाला म्हणायचं, हे आधीच लिहून ठेवतात: किती दिवसांत कातडी आली, पू झाला का, टाके उसवले का.

याची चांगली उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत. भाजलेल्या जखमेला साधी गॉज चिकटते. ड्रेसिंग बदलताना नवी कातडी निघून येते आणि रुग्ण कळवळतो. न चिकटणारी परदेशी ड्रेसिंग महाग. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी आणि सहकाऱ्यांनी यावर उकडलेल्या बटाट्याच्या सालांचं ड्रेसिंग वापरून पाहिलं आणि 1985 मध्ये त्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला.

तिकडे सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध घेतला. 1991 च्या त्यांच्या अभ्यासात 104 रुग्ण होते. 52 जणांना मध, 52 जणांना नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या 87 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातल्या 10 टक्के. 1996 मध्ये त्यांनी मध आणि बटाट्याची सालं समोरासमोर आणली, 100 रुग्णांमध्ये. मध पुन्हा पुढे.

आता सांगा, इतकं यश मिळाल्यावर माणूस काय करेल? मधाच्या जाहिरातीच करेल! सुब्रह्मण्यम यांनी मधाची गाठ थेट शस्त्रक्रियेशी घालून दिली: मेलेली कातडी लवकर तासून काढायची आणि तिथे दुसरीकडची कातडी बसवायची. 1999 मध्ये आलेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच निकाल लिहिला आहे, की मध्यम प्रमाणात भाजलेल्यांसाठी मधापेक्षा शस्त्रक्रिया सरस. ज्या उपचारावर आपलं नाव झालं, तो हरू शकेल अशी चाचणी घ्यायची आणि हरला तर तसं छापायचं, याला मी खरी ट्रायल म्हणतो.

बरं, कातडी बसवायची म्हणजे ती मांडीवरून वगैरे काढावी लागते. तिथे सर्जननं स्वतः केलेली एक नवीन जखम तयार होते. रुग्ण बऱ्याचदा याच जागेच्या दुखण्याची तक्रार जास्त करतात. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी तिथे केळीचं पान वापरलं आणि त्याची व्हॅसलिन गॉजशी तुलना केली. 2003 मध्ये निष्कर्ष आले: पान अलगद सुटतं, ड्रेसिंग काढताना वेदना फार कमी होतात. अर्थात हे पान निर्जंतुक करून वापरलेलं असतं. घरच्या बरणीतला मध किंवा परसातलं पान परस्पर टाक्यांवर लावू नका. कच्च्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

या अभ्यासांना मर्यादाही आहेत. रुग्ण थोडे, विभाग एकच, आणि कुणाला मध लावलाय हे सगळ्यांना दिसतं. मग तपासणाऱ्याची आवड निकालात उतरू शकते. त्यामुळे शक्य तिथे जखम तपासणारा माणूस वेगळा ठेवतात आणि त्याला गट सांगत नाहीत. मधावरच्या जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानुसार, वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधानं लवकर भरतात. पण ऑपरेशननंतर चिघळलेल्या जखमांसाठी हाती होती ती 50 रुग्णांची एक चाचणी. तेवढ्यावर सरसकट शिफारस करता येत नाही.

म्हणून मोठ्या चाचण्या लागतात. 'फाल्कन' ही भारतासह सात देशांतल्या 54 रुग्णालयांत झाली, 5,788 रुग्णांवर. निकाल 2021 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पोटाच्या ऑपरेशनआधी कातडी अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्झिडिननं पुसावी की साध्या पोव्हिडोन-आयोडिननं? जंतुनाशक लेपाचे महाग टाके घालावेत की साधे? उत्तर आलं, फरक सापडला नाही. जवळजवळ 22 टक्के रुग्णांच्या जखमेत तीस दिवसांत संसर्ग झालाच. हा निकाल वाया गेला असं समजू नका. महाग धाग्याचे पैसे वाचवायला आता आधार आहे.

दुसरी 'चीता', 2022. याच सात देशांत, 81 रुग्णालयं, 13,301 रुग्ण. इथे चिठ्ठी रुग्णांची नव्हती, रुग्णालयांची होती. कारण एकाच ऑपरेशन थिएटरात रोज सवय बदलणं कठीण. पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि स्वच्छ अवजारं घ्यायची, एवढंच. संसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला. म्हणजे शंभरात साधारण तीन माणसं वाचली. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत हर्निया उरकून घेणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याची जखम चिघळली, तर बंदी उठल्यावर होडी जाते आणि तो घरी राहतो. अशा घरात तीन टक्क्यांची किंमत कळते.

शेवटी तुमच्या हातातली गोष्ट. उद्या तुम्हाला कुणी ट्रायलबद्दल विचारलं, तर घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेखातर हो म्हणू नका. पाच गोष्टी विचारा. दोन्ही गटांना काय मिळणार? नेहमीचा उपचार कुणाचा थांबणार का? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदली आहे का? 2007 पासून ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. आणि पाचवी, काही इजा झाली तर खर्च कुणाचा? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. त्यात मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यानंतरही कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

आज तुमच्या टाक्यांवर जे ड्रेसिंग बसतं, ते कुठल्यातरी अनोळखी माणसानं अशीच सही केली म्हणून पारखलं गेलं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊया.