पाणी गेलं, की घड्याळ बघा



दुभत्या गायीला दगडी झाली, की आपल्या तोंडचं पाणी पळतं. हा कासदाह करणारा एक जंतू सन १८८७ मध्ये फ्रान्समध्ये ओळखला गेला. त्याच्या शास्त्रीय नावातच 'दूध नसणे' असा अर्थ आहे. पुढे तो माणसातही सापडला. डॉक्टर त्याला 'बी गटाचा स्ट्रेप्टोकोकस' म्हणतात. नवजात बाळाच्या जिवावर उठणाऱ्या जंतूंपैकी हा एक होय.

अनेक निरोगी बायकांच्या आतड्यात व योनिमार्गात हा जंतू गुपचूप राहतो. आईला सहसा काहीच त्रास नसतो. हा गुप्तरोग नव्हे की अस्वच्छतेची खूण नव्हे. तेव्हा सुनेला बोल लावू नये. गोठ्यातल्या गायीलाही दोष देऊ नये. बाळंतपणाच्या वेळी मात्र तो बाळापर्यंत पोचू शकतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण ज्यांना होतं, त्यांच्या रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात तो शिरतो. पहिल्या आठवड्यात, बहुधा पहिल्याच दिवशी, बाळ अत्यवस्थ होतं. कधी हा आजार तीन महिन्यांपर्यंतही उद्भवतो. वाचलेल्या काही मुलांना बहिरेपण किंवा फिट्स जन्मभर पुरतात.

यावर इलाज आहे, आणि तो जुनाच : पेनिसिलिन. कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर ते शिरेतून देतात. बाळ जन्मण्याआधी निदान ४ तास मिळाले तर उत्तम. आठव्या महिन्यात गोळ्या घेऊन भागत नाही. जंतू परत येतो. अमेरिकेत २००२ पासून प्रत्येक गरोदर बाईची शेवटच्या महिन्यात तपासणी करण्याची शिफारस आहे. तिथे पहिल्या आठवड्यातला हा आजार १९९० च्या सुमाराच्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक घटला.

आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. म्हणून पुढील गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात :

(१) पाणी जाऊन १८ तास होत आले.
(२) कळांमध्ये ताप आला.
(३) ३७ आठवडे भरण्याआधीच कळा लागल्या.
(४) आधीच्या बाळाला हा आजार झाला होता.
(५) या खेपेस लघवीच्या तपासणीत हा जंतू निघाला.
(६) पूर्वी पेनिसिलिनची रिअॅक्शन आली होती.

आता मुद्द्याचं. गळीत हंगामात पोटुशी बाई दिवस भरेपर्यंत मोळ्या उचलते. पाणी जातं; पण "कळा कुठं आल्यात अजून?" म्हणून ती खोपीतच थांबते. रात्र जाते, सकाळ होते. इथेच घात होतो. कळा असोत-नसोत, पाणी गेलं की वेळ लक्षात ठेवा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. मुकादमाने उचलीचा हिशेब मागाहून करावा. ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदाने आपली गाडी काढावी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण व आजारी अर्भकाचा उपचार मोफत आहे.

घरी आल्यावर बाळ अंगावर ओढेनासं झालं, मलूल पडलं, कण्हू लागलं, धाप लागली, अंग तापलं किंवा गार पडलं, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच पावली डॉक्टरांकडे न्या.

वेळेवर तोडलेल्या उसाचा उतारा चांगला पडतो, हे आपण जाणतो. बाळंतिणीच्या बाबतीतही वेळच महत्त्वाची.

जय सहकार!