‘अजून काही ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांचा अर्ज

दहावीचा निकाल लागला की चार-पाच मुलं-मुली हमखास सांगतात, “सर, अजून काही ठरलं नाही.” घरी मग मशवरा सुरू होतो. मामूंचा मुलगा जिथे गेला ते कॉलेज, शेजारच्या खालांच्या मुलीचं कॉलेज, मोठं नाव असलेलं कॉलेज. पंधराव्या वर्षी काही न ठरणं हा गुन्हा नाही. पण अकरावीचा अर्ज कुणासाठी थांबत नाही.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात, आणि क्रमाला मोठं महत्त्व आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणून ‘बघू या मिळतं का’ म्हणून पहिला क्रमांक भरू नका. तिथे जायची खरी तयारी असेल तेच कॉलेज वर लिहा.

ज्याचं ठरलेलं नाही त्याने कॉलेजच्या नावाआधी एक प्रश्न विचारावा: इथले विषय घेतल्यावर कोणते दरवाजे बंद होतात? विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी असे सगळे रस्ते खुले राहतात. जीवशास्त्र सोडलं तर नीटचा रस्ता अवघड झाला. गणित सोडलं तर अभियांत्रिकी कठीण झाली. इथे एक गोष्ट अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. बायफोकल विषय (कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स) घेतला की सहसा दुसरी भाषा आणि एक विषय, बहुधा जीवशास्त्र, सुटतो. दुसरी भाषा म्हणजे आपल्याकडे पुष्कळदा उर्दूच. ‘कॉम्प्युटर आहे’ एवढं ऐकून खूश होण्याआधी काय सुटतंय ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.

मात्र सगळे दरवाजे उघडे ठेवायच्या हौसेपायी गणिताला घाबरणाऱ्या मुलाला चार जड विषय देणं हा जुलूम आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना विज्ञान एकदम इंग्रजीतून शिकावं लागतं, तो भारही मोजा. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असतं. झेपत असेल तर घ्या, पुढे अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे वळता येतं. कला शाखेला हलकं समजू नका. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो, आणि स्पर्धा परीक्षांना पदवी लागते, शाखा नाही. हाताने काम करायची आवड असेल तर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा पाहा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

अल्पसंख्याक कॉलेजात निम्म्या जागा त्या समाजासाठी राखीव असतात. पण अल्पसंख्याक दर्जा धर्माचा असतो तसा भाषेचाही असतो. गुजराती किंवा सिंधी भाषिक संस्थेच्या कोट्यात मुस्लिम असणं कामाचं नाही. अर्जाआधी दर्जा कशाचा आहे ते पाहून घ्या.

आता मुलींबद्दल, कारण खरा पेच तिथेच पडतो. ‘घराजवळचं कॉलेज’ ही पुष्कळ अब्बूंची एकमेव अट असते. काळजी रास्त आहे. पण घराजवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा असेल, तर मुलीचं पुढचं आयुष्य त्या अंतराने ठरवलं, तिच्या कलाने नव्हे. अर्ध्या तासाच्या बसप्रवासावर विज्ञान शाखा असेल, तर एकदा तिला घेऊन तो प्रवास कॉलेजच्याच वेळेत करून पाहा. बस कुठे सुटते, परतताना कोण सोबत असेल, तिथे आपल्या मोहल्ल्यातल्या आणखी किती मुली जातात, हे कळलं की निम्मी भीती ओसरते.

फीच्या धास्तीनेही मुलींची शाखा बदलली जाते. 2024-25 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना, केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मोमिन, बागवान, अत्तार, पिंजारी असे आपले अनेक समाज ओबीसी यादीत आहेत. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून कागद अकरावीतच तयार करायला घ्या.