परसातील दुधी आणि वैद्याची जबाबदारी

वसंत ऋतूचा उत्तरार्ध, म्हणजे आपला वैशाख. ऊन वाढलेले असते आणि रुग्णांची भूक मंदावलेली असते. अम्लपित्त, मूत्रदाह, नासागत रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्याही या दिवसांत वाढते. अशा वेळी चिकित्सालयातून एक सल्ला आपण सर्वजण हमखास देतो : हलके, द्रव व शीत अन्न घ्या, दुधी, पडवळ, दोडका यांची योजना करा, जमल्यास परसात दोन वेल लावा. सल्ला योग्यच आहे. परंतु तो देताना एक गोष्ट सांगावयाची राहिली, तर काय घडते याचा अनुभव आम्ही घेतला आहे. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे.

काही वर्षांपूर्वी अम्लपित्ताचे एक गृहस्थ आमच्याकडे उपचार घेत होते. आमच्या सांगण्यावरून ते दुधीचा रस घेऊ लागले आणि गुणही आला. पुढील वर्षी घराच्या मागे, खतखड्ड्याच्या कडेला आपोआप उगवलेला दुधीचा वेल त्यांनी हौसेने मांडवावर चढविला. वैशाखात त्यास फळे धरली. पहिल्या फळाचा रस काढला, तो कडूजहर लागला. तथापि तिक्त रस पित्ताचे शमन करतो, हे आमच्याच तोंडून त्यांनी अनेकदा ऐकले होते. कडू आहे म्हणजे अधिक गुणकारी असणार, असे समजून त्यांनी पेलाभर रस अनशेपोटी घेतला. अर्ध्या तासात उलट्या व जुलाब सुरू झाले, घेरी आली, रक्तदाब खालावला. घरच्यांनी वेळीच रुग्णालयात नेले म्हणून निभावले. बरे झाल्यावर ते भेटावयास आले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘वैद्यराज, तुम्ही सांगितलेलेच घेतले ना मी?’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चूक त्यांची नव्हती. आमचा सल्ला अपुरा होता.

एकच जाती, दोन स्वभाव

भाजीचा गोड दुधी व कडू भोपळा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत. भावप्रकाश निघंटूने मिष्टतुंबी आणि कटुतुंबी असा भेद केला आहे. पहिली शाक म्हणून उपयोगाची, दुसरी औषध म्हणून, आणि तेही जपून. (कटुतुंबी या नावातील ‘कटु’ शब्दाने येथे तिक्त चवच अभिप्रेत आहे, हे वाचकांना सांगावयास नको.) चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनद्रव्यांचे सहा कल्प सांगितले आहेत. त्यांतील जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव व कृतवेधन ही चार द्रव्ये भोपळ्याच्या कुळातील आहेत, आणि इक्ष्वाकु म्हणजेच कडू भोपळा. शोधनासाठी योजावयाचे हे द्रव्य रुग्णाची पूर्वतयारी करून, मात्रा ठरवून, वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते. कडू दुधीचा पेलाभर रस पिणारा मनुष्य नकळत, पूर्वकर्माविना व मात्रेविना वमन-विरेचनाचे तीव्र द्रव्यच घेत असतो. आपल्या शास्त्राला हे नवे नाही. ते रुग्णापर्यंत पोहोचविण्यात आपण कमी पडलो.

आधुनिक परिभाषेत या कडूपणाला कारण होणाऱ्या घटकांना कुकुरबिटासिन म्हणतात. चरणाऱ्या जनावरांपासून व किडींपासून स्वसंरक्षणासाठी वनस्पती ते तयार करते. पोटात गेल्यावर ते आमाशय व आंत्र यांच्या अंतस्त्वचेचा क्षोभ करतात. उलट्या, जुलाब, पोटदुखी, प्रसंगी रक्ताची उलटी व रक्तदाब खालावणे ही लक्षणे होतात. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही; लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. शिजविल्याने हा दोष जातो, हाही भ्रम आहे. 2010 साली दिल्लीत दुधी व कारले यांचा मिश्र रस घेतल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमून या विषयाचा अभ्यास करविला. 2018 साली पुण्यातही एका महिलेचा अशाच प्रकारे मृत्यू झाल्याची नोंद आहे. तेव्हा ही घटना विरळा असली तरी केवळ ऐकीव नाही.

कडूपणा येतो कोठून?

याविषयी लोकांत अनेक समजुती आहेत. कारल्याच्या शेजारी लावल्याने दुधी कडू होतो, ही त्यांपैकी सर्वांत प्रचलित. ती खरी नाही. कारले वेगळ्या प्रजातीचे आहे, दुधीशी त्याचा संकर होत नाही, आणि त्याचा कडूपणाही वेगळ्या घटकांचा आहे.

खरे कारण मुख्यतः बियाण्यात असते. गोड दुधीच्या फुलावर कडू भोपळ्याचा पराग पडला, तर त्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही. पण त्या फळातील बियांत कडूपणाचा अंश उतरतो, आणि तो गुण प्रभावी असल्याने पुढील वर्षीच्या वेलाला कडू फळे लागतात. आमच्या रुग्णाच्या परसात हेच घडले असावे. आपोआप उगवलेल्या वेलाचे मातापिता कोणास ठाऊक असतात? कुंपणावर व ओढ्याकाठी कडू भोपळ्याचे वेल आढळतात. मिरजेच्या तंतुवाद्यांसाठी पंढरपूर परिसरात जो भोपळा मुद्दाम लावला जातो, तोही कडू भोपळा म्हणूनच ओळखला जातो. अशा भागात घरी धरलेल्या बियाण्याबाबत विशेष दक्षता हवी.

दुसरे कारण वेलावर पडणारा ताण. प्रखर उष्मा, दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा फरक, पाण्याची ओढ व निकस जमीन यांमुळे कडूपणा वाढतो. फळ वेलावर जून झाले, तरीही तो वाढू शकतो. या साऱ्या गोष्टी वैशाखात एकत्र येतात. ज्या महिन्यात आपण दुधीचा रस सर्वाधिक सुचवितो, त्याच महिन्यात हा धोका अधिक असतो.

वैशाखातील वेलाची निगा

उन्हाळी दुधीची लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्यामुळे आज ज्यांच्या परसात वेल आहे, तो फळावर आलेला असणार. त्यास पाण्याचा खंड पडू देऊ नये. एक दिवस भरपूर व चार दिवस कोरडे, यापेक्षा रोज सायंकाळी बेताचे पाणी हितकर. वेलाच्या बुंध्याजवळ कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवावे. पाझराने मुळाशी ओल टिकते. भोवती उसाचे पाचट अथवा वाळलेला पाला दोन-तीन इंच जाडीने पसरावा. दर पंधरा दिवसांनी मूठभर कुजलेले शेणखत मातीत मिसळावे.

फुले गळतात, फळ धरत नाही, अशी तक्रार या दिवसांत ऐकू येते. दुधीच्या वेलावर नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा दुधी दिसतो. उष्म्यात नर फुलांचे प्रमाण वाढते. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते, म्हणून दिवेलागणीच्या सुमारास ताजे नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. फळमाशीचा उपद्रव असेल, तर कोवळे फळ कागदी पिशवीत बांधून घ्यावे. कीटकनाशकाची फवारणी करून पथ्याची भाजी पिकविणे हे आपल्या हेतूशीच विसंगत होय. फूल उमलल्यापासून साधारण दोन आठवड्यांत, सालीत नख सहज रुतते तोवर, फळ काढावे.

ज्येष्ठाची पूर्वतयारी

ज्यांच्याकडे अद्याप वेल नाही, त्यांच्यासाठी वैशाख हा तयारीचा महिना. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा आताच खणून उन्हात तापू द्यावा. पंधरा-वीस दिवसांनी चांगले कुजलेले शेणखत, पोयट्याची माती व ओंजळभर निंबोळी पेंड यांनी तो भरावा. मे महिन्याच्या अखेरीस बी रात्रभर पाण्यात भिजवून लहान पिशव्यांत लावावे. वेलवर्गीय रोपांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून वाफ्यातून उपटून लावण्यापेक्षा पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासह लावणे श्रेयस्कर. पाऊस स्थिरावला की दोन-चार पानांवर आलेले रोप खड्ड्यात लावावे. बी खात्रीचे असावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला ‘सम्राट’ हा वाण महाराष्ट्रात परिचित आहे. उकिरड्यावर उगवलेले अथवा शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले बी लावले असेल, तर त्याच्या पहिल्या फळाची चव घेतल्याविना ते कोणी खाऊ नये.

दरम्यान, कमी जागेत तांदुळजा लावावा. शास्त्रातील तण्डुलीयक तो हाच. शीत असून रक्तपित्तात प्रशस्त मानलेला आहे. दुपारची सावली मिळेल अशा जागी अथवा पसरट कुंडीत बी विरळ फेकल्यास महिन्याभरात भाजी खुडता येते. घोळ व पुदिना हेही या दिवसांत ओलसर जागी सहज येतात. रुग्णाच्या हाती उन्हाळ्यात पथ्याची भाजी असावी, एवढेच साधावयाचे असेल, तर याहून सोपा मार्ग नाही.

रुग्णास काय सांगावे?

दुधीचा सल्ला देताना पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत, शक्य तर लिहून द्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

1. दुधी चिरल्यावर प्रथम लहानसा तुकडा चाखावा. रस करावयाचा असो वा भाजी, हा नियम एकच. एक दुधी गोड निघाला म्हणून त्याच वेलाचा दुसरा न चाखता घेऊ नये.

2. किंचितही कडू लागल्यास तुकडा थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे. काकडीप्रमाणे टोक कापून घासल्याने दुधी निर्दोष होत नाही. साखर, मध घालून अथवा शिजवूनही तो वापरू नये.

3. दुधीच्या रसात कारल्याचा अथवा अन्य रस मिसळू नये. मिसळल्याने दुधीचा कडूपणा झाकला जातो व धोक्याची सूचनाच नाहीशी होते.

4. कडू म्हणजे औषधी, हा समज दुधी, दोडका, घोसाळे यांना लागू नाही. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे. दुधीचा कडूपणा हा दोष आहे.

5. रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब वा अस्वस्थता जाणवल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे काय घेतले व किती घेतले, ते सांगावे.

औषधालयांच्या चालकांस आमची एक स्वतंत्र विनंती आहे. अनेक औषधालयांतून उन्हाळ्यात ताजा रस दिला जातो, तर काही ठिकाणी दुधीयुक्त कल्प तयार होतात. तेथे प्रत्येक फळ चाखूनच यंत्रात जावे. शंभर फळांत एक कडू निघाले, तरी साऱ्या घाण्याचा रस दूषित होतो. हे काम जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे व त्याची नोंद ठेवावी. द्रव्यपरीक्षेत रसाचे ज्ञान जिभेनेच होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. त्या परीक्षेला आपल्याच औषधालयात रजा असू नये.

परसबागेविषयी लिहिण्याचे कारण एवढेच, की आपल्या पथ्याची सुरुवात रुग्णाच्या ताटात होत नाही; ती मातीत व बियाण्यात होते. आज आम्ही दुधी लिहून देतो, तेव्हा त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहितो : ‘आधी चाखा, कडू लागल्यास टाका.’ ते गृहस्थ आजही आमच्याकडे येतात. त्यांच्या परसात आता खात्रीच्या बियाण्याचा वेल आहे, आणि हंगामातील पहिला दुधी ते आम्हास आणून देतात. देताना हसून सांगतात, ‘चाखून आणला आहे.’