स्तूपाला पहारा, पुतळ्याला हार

मुंबईतल्या पुतळ्यांची कहाणी वाचली की त्या बंदरात कुणाचा पैसा खेळत होता आणि कुणाची सत्ता चालत होती, हे आपोआप कळते. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा १८७९ साली बसला तो अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला आणि पुढे चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. स्वातंत्र्यानंतर घोडा राणीच्या बागेत गेला, तर १९६१ साली गेटवेसमोर शिवाजी महाराज आले. सत्ता पालटली की पुतळे पालटतात, एवढाच या गोष्टीचा अर्थ असता तर लिहिण्यासारखे फारसे उरले नसते. पण त्याच शहरात फ्लोरा फाउंटनला लागून एक वेगळ्या जातीचे स्मारक आहे. हुतात्मा चौकातले ते स्मारक राजाचे नाही, दानशूर शेठजीचे नाही आणि कुण्या पुढाऱ्याचेही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात स्वतंत्र भारताच्या पोलिसांच्या गोळ्यांनी जे गेले, त्यांचे ते आहे. दर १ मे रोजी राज्याचे मुख्यमंत्री तिथे पुष्पचक्र वाहतात. पोलीस तेव्हाही असतात, सलामी द्यायला.

अशाच गोळीबाराचे दुसरे एक स्मारक पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. इंद्रवेल्लीच्या त्या उंच स्तूपापाशी वर्षानुवर्षे पोलीस असत ते सलामीसाठी नव्हे, तर माणसांना तिथे जमू न देण्यासाठी. दोन्ही ठिकाणी मेलेली माणसे निःशस्त्र किंवा जवळजवळ निःशस्त्र होती, दोन्हीकडे गोळ्या लोकनियुक्त सरकारच्या होत्या. मग एकीकडे पुष्पचक्र आणि दुसरीकडे जमावबंदी का? माझ्या मते उत्तर मृतांच्या थोरवीत नाही, त्यांच्या मागणीत आहे. महाराष्ट्र १९६० साली मिळाला आणि हुतात्म्यांची मागणी पुरी झाली. तिचा आता कुणालाच त्रास नव्हता. इंद्रवेल्लीची मागणी जमिनीची होती आणि ती अजून पुरी झालेली नाही. ज्या स्मारकातली मागणी निकालात निघाली त्याला सरकार हार घालते, आणि ज्यातल्या मागणीची टोचणी शिल्लक आहे त्याच्याभोवती पहारा बसवते. आदिलाबादचा गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास या एका सूत्राने पुष्कळसा उलगडतो.

२० एप्रिल १९८१ हा सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघम या आदिवासी शेतकरी-मजुरांच्या संघटनेने त्या दिवशी मेळावा ठरवला होता. मागण्या साध्या होत्या: कसत असलेल्या जमिनीचा पट्टा द्या, सावकारी आणि बिगरआदिवासींकडून होणारी जमिनीची लूट थांबवा. ऐनवेळी परवानगी नाकारून जमावबंदी लावली गेली. गावोगावचे गोंड तोवर वाटेला लागलेले होते. त्यांतल्या कितीकांना बंदीचा पत्ताच नव्हता आणि कितीकांना बाजारालाही जायचेच होते. झटापट झाली, गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. नागरी हक्क कार्यकर्ते आणि स्थानिक लोक त्याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात, साठपासून शंभराच्याही वर. हुतात्मा चौकाबाबत वाद घालायचा तर तो १०५, १०६ की १०७ एवढाच असतो. इथे मृतांची गणतीही सर्वमान्य झालेली नाही. १९८३ साली तिथे स्तूप उभा राहिला. १९८६ साली स्फोट करून तो पाडण्यात आला, आणि आंदोलनानंतर पुन्हा बांधला गेला. निर्जीव दगडाला सुरुंग लावण्याची तसदी कुणी उगाच घेत नाही. त्यानंतर अनेक वर्षे २० एप्रिल जवळ आला की जमावबंदी लागे आणि नातेवाइकांनाही फुले वाहू दिली जात नसत. निर्बंध सैल झाले ते तेलंगण राज्य झाल्यावर, हळूहळू.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. संघमच्या मागे नक्षलवादी होते; सरकारने चिरडली ती सशस्त्र क्रांतीची पूर्वतयारी, जमिनीची मागणी नव्हे. संघमचा त्या चळवळीशी संबंध होता, हे खरेच. पण मागणी तेवढ्याने बेकायदा ठरत नाही. आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये यासाठी आंध्र प्रदेशात १९५९ चा नियम होता. तेलंगण भागाला तो १९६३ मध्ये लागू झाला आणि १९७० च्या नियम क्रमांक १ ने आणखी कडक झाला. म्हणजे बाजारात जमलेले गोंड जे मागत होते, ते सरकारने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच कागदावर दिलेले होते. इथे मराठी वाचकाने थोडे अस्वस्थ व्हायलाही हरकत नाही. आदिलाबादच्या सुपीक जमिनीवर जे बाहेरून आले, त्यांत तेलुगू शेतकरी होते, बंजारा होते, तसे पैनगंगेच्या अलीकडून गेलेले मराठी भाषकही होते. मराठी समाजाला तिथे परक्या साक्षीदाराची भूमिका घेता येत नाही.

कुमरम भीमचे उदाहरण याच्या नेमके उलट दिसते, म्हणून ते तपासायला हवे. हा गोंड तरुण आसिफाबादच्या डोंगरातला. घरच्या जमिनीवरून झालेल्या हाणामारीनंतर तो पळून चांद्याकडे आला, तिथे एका छापखान्यात राहून लिहावाचायला शिकला, पुढे आसामच्या चहामळ्यांत गेला, असे त्याचे चरित्र सांगितले जाते. परतल्यावर जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांसाठी त्याने जंगल-जमिनीवरच्या हक्काचा झगडा उभा केला. विरोधात निजामाचे जंगल खाते आणि पोलीस होते. १९४० साली जोडेघाटला तो मारला गेला. निजाम सरकारला त्यानंतर जाग आली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी आणले गेले, त्यांच्या अहवालांतून जमीनवाटप आणि मारलवाईची शाळा आली. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळात निजामाच्या सेवेत आदिलाबादेत होते. ते गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठीत पगडींची ओळख शिवकाळाच्या अभ्यासाने झाकली गेली आहे, हे नुकसानच म्हणायचे.

भीमला मात्र बराच काळ कुणी विचारले नाही. एन. टी. रामाराव यांनी १९८० च्या दशकात हैदराबादच्या टँक बंडवर तेलुगू थोरांची रांग उभी केली, तीत हा माणूस नव्हता. वेगळ्या तेलंगणासाठीच्या १० मार्च २०११ च्या ‘मिलियन मार्च’मध्ये त्या रांगेतले अनेक पुतळे फोडून हुसेनसागरात टाकले गेले, तेलंगणाची माणसे या रांगेत किती, हा त्यामागचा राग होता. मग २०१२ मध्ये टँक बंडवर भीमचा पुतळा बसला. २०१४ मध्ये नव्या राज्याचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव जोडेघाटला गेले, स्मारक आणि संग्रहालय जाहीर झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा एकाला भीमचे नाव मिळाले. त्याची मागणीही जमीन-जंगलाचीच होती आणि तीही शिल्लक आहे, मग माझे सूत्र इथे मोडत नाही का? मोडत नाही, कारण पुतळ्यात आलेला भीम निजामाशी लढणारा आहे, आणि निजाम उरलेला नाही. जंगल खाते उरले आहे, पण पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्याचा उल्लेख अडचणीचा. २०२२ च्या ‘आरआरआर’ चित्रपटाने तर शत्रू आणखी लांब ढकलला. त्यात भीम इंग्रज गव्हर्नरशी लढतो, आणि हा बदल खटकल्यावाचून साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. निर्मलच्या रामजी गोंडचेही असेच. १८५७ नंतरच्या उठावात गोंड आणि रोहिल्यांना घेऊन तो लढला आणि साथीदारांसह वडाच्या झाडावर फासावर गेला. परंपरा हजार जणांचा आकडा सांगते. आज त्याच्या नावावर सर्व पक्ष हक्क सांगतात. १७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांची सभाही निर्मलला झाली.

इंद्रवेल्लीचेही आता तेच चालले आहे, असे कुणी म्हणेल. काँग्रेसचे रेवंत रेड्डी यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये दलित-गिरिजनांसाठीची आपली मोहीम तिथूनच सुरू केली, आणि मुख्यमंत्री झाल्यावर २ फेब्रुवारी २०२४ रोजी शहिदांच्या स्मृतिवनाची पायाभरणी केली. ही साधी बाब नाही. १९८१ मध्येही सत्तेवर त्यांचाच पक्ष होता, तेव्हा ही एका अर्थाने कबुली आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण स्मृतिवनात झाडे किती लागली यापेक्षा मृतांची पूर्ण यादी लागते का, हे पाहणे महत्त्वाचे. आणखी एक आक्षेप असतो: पुतळे-स्तूप कशाला, तो पैसा रस्त्यांना आणि पट्ट्यांना द्या. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण इथले अनुभव वेगळे सांगतात. ३० जून २०२३ रोजी पोडू, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या, जमिनींच्या पट्टेवाटपाचा प्रारंभ आसिफाबादला, भीमच्या जिल्ह्यातच, झाला. ती जागा सरकारने उगाच निवडली नसणार. स्मारक आणि पट्टा हे एकमेकांचे पर्याय नाहीत. पट्ट्याची आठवण सरकारला कुणीतरी करून द्यावी लागते, आणि आदिलाबादेत ते काम बऱ्याच अंशी या दगडांनी केले आहे.

मे २०२५ मध्ये तेलंगण सरकारने शासन आदेश ४९ काढून ताडोबा आणि कव्वाल या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा वाघांचा मार्ग संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. आपल्या शेतीवर आणि वनहक्कांवर गदा येईल या भीतीने आदिवासींनी विरोध केला, बंद पाळला, आणि जुलैत सरकारला तो आदेश स्थगित ठेवावा लागला. जंगल खात्याच्या त्या नव्या क्षेत्राला नाव दिले होते कुमरम भीमचे.