मध्यरात्रीच्या विमानाची वाट

मुंबईच्या मेट्रो-३ या भुयारी मार्गावर जमिनीवर असलेले स्थानक एकच, आरे-जेव्हीएलआर. तिथून गाडी सुटली की जमिनीखाली शिरते, सीप्झ, एमआयडीसी आणि मरोळ नाका ही स्थानके घेते आणि पाव तासाच्या आत विमानतळाच्या टर्मिनल-२ पाशी येऊन उभी राहते. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ही गाडी प्रवाशांसाठी सुरू झाली. त्याआधी आरेच्या आसपास राहणाऱ्या माणसाला विमानतळ गाठायचा तर जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) आणि मरोळची वाहतूक कोंडी चुकत नसे, आणि म्हणून घरातली वडीलधारी मंडळी दुपारपासूनच ‘निघा, निघा’ म्हणून मागे लागत.

तरी एक अडचण उरलीच. मेट्रोची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात उडतात. शेवटच्या मेट्रोने गेलेल्या प्रवाशाला अडीच वाजताच्या विमानासाठी चार तास काढायचे असतात. ते कुठे आणि कसे काढायचे, याचे उत्तर त्याच्या तिकिटावर किंवा खिशातल्या कार्डावर ठरते. बिझनेस क्लासच्या लाउंजचा विचार मी याच प्रश्नापासून करतो, कारण मऊ खुर्च्या आणि बुफे यांच्याआधी तिथे वेळेचा हिशेब आहे.

विमाने रात्रीच का, याला कारणे आहेत. मुंबईहून पश्चिम युरोप साधारण नऊ-दहा तासांवर. इथून रात्री दोनला निघालेले विमान तिथल्या सकाळी उतरते आणि प्रवाशाला पुढचे विमान पकडायला अख्खा दिवस मिळतो. शिवाय युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना बंधने आहेत. फ्रँकफर्टला तर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणे बंद आहेत. म्हणजे तिथल्या रहिवाशांची झोप सांभाळली जाते आणि त्या वेळापत्रकाला जुळवून घेताना मुंबईचा प्रवासी रात्रभर जागतो. आखाती देशांत विमान बदलायचे असेल तरी गणित फारसे वेगळे नाही. त्यात आंतरराष्ट्रीय प्रवाशाने तीन तास आधी यावे ही सूचना, आणि बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी इथे १,०३२ उड्डाणे-अवतरणे झाली. एवढ्या गर्दीच्या विमानतळावर ताटकळणे हा प्रवासाचाच भाग होऊन बसतो.

प्रतीक्षेची वेगळी, राखीव जागा ही कल्पना अमेरिकेतली. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला. सुरुवातीला तो निमंत्रितांपुरताच होता. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस विमान कंपन्यांनी पहिला वर्ग आणि साधा वर्ग यांच्या मध्ये बिझनेस क्लास आणला आणि लाउंज हा तिकिटाचाच एक भाग झाला. १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ आला. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, वर्ग कुठलाही असो, सभासदाला लाउंजचे दार उघडू लागले.

आपल्याकडे आदरातिथ्याची ही परंपरा महाराजापासून सुरू होते. एअर इंडियातले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये कंपनीसाठी तो मिशीवाला, झुकून स्वागत करणारा महाराजा घडवला. दोनच वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळात विमानाने जाणारा प्रत्येकच जण खास होता, वेगळ्या खोलीची गरज नव्हती. प्रवासी वाढले, तसा हा खासपणा पुन्हा कुंपण घालून राखावा लागला.

आजचे टर्मिनल-२ फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. मोरपिसाऱ्याची आठवण करून देणारे खांब आणि राजीव सेठींनी मांडलेले ‘जय हे’ हे हजारो कलावस्तूंचे दालन ही त्याची ओळख. सुरक्षा तपासणी ओलांडून लाउंजमध्ये शिरल्यावर जाणवतो तो मात्र आवाजातला फरक. बाहेरचा गलका दारातच थांबतो. दिवे मंद, सोफ्यांमध्ये पुरेसे अंतर, हाताशी चार्जिंगची सोय, गरम जेवण, कॉफी. आंतरराष्ट्रीय लाउंजमध्ये बहुधा अंघोळीचीही सोय असते, आणि मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये दिवसभर घामाने भिजून आलेल्या माणसाला लांबच्या प्रवासाआधी ती अंघोळ जेवणापेक्षा मोलाची वाटते.

इथे एक प्रवासी वर्ग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील. सामानात डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट. मुलाने किंवा मुलीने हौसेने बिझनेस क्लासची तिकिटे काढलेली असतात. पण त्या तिकिटात लाउंज आहे हे कोणी सांगितलेले नसते, किंवा सांगूनही दारात जायचा संकोच होतो. आत काही खाल्ले तर बिल येईल का, ही शंका वेगळीच. मग सत्तरीतली ती दोघे गेटसमोरच्या खुर्चीवर घरचा डबा उघडून बसतात. हक्काची सोय संकोचामुळे सुटते. मुलांनी तिकिटे पाठवताना एवढे स्पष्ट लिहावे की बोर्डिंग पास दाखवला की आत घेतात, खाण्यापिण्याचे बिल सहसा येत नाही, आणि बऱ्याच लाउंजमध्ये प्रत्येक उड्डाणाची घोषणा होत नाही, म्हणून गेट आणि वेळ स्वतः बघत राहायचे. आत निवांत बसून विमान चुकवणे अगदी सहज घडू शकते.

बिल येत नाही म्हणजे पैसे कोणी देत नाही असे नाही. बिझनेस क्लासच्या प्रवाशामागे विमान कंपनी लाउंजचालकाला ठरलेली रक्कम देते. कार्डधारकामागे बँक किंवा कार्ड कंपनी देते. देशांतर्गत लाउंजच्या दारात अनेक कार्डांवर नाममात्र दोन रुपये वळते होतात, उरलेली रक्कम मागच्या मागे चुकती होते. त्या दोन रुपयांनी चित्रच बदलले. पगार खात्याबरोबर कार्ड मिळालेले तरुण रांगा लावू लागले आणि लाउंजच्या दारातली रांग सुरक्षा तपासणीच्या रांगेशी स्पर्धा करू लागली. बँकांना खर्च परवडेना. २०२४ पासून अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. बँका आणि लाउंज यांना जोडणाऱ्या ‘ड्रीमफोक्स’ या मोठ्या मध्यस्थ कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंज सेवा थांबवली. या गर्दीला नाके मुरडणारे भेटतात. मला ती गर्दी खरी वाटते. दोन तास स्वच्छ जागी बसून पोटभर खायला मिळावे ही इच्छा बिझनेस क्लासवाल्यांपुरती नाही, एवढेच ती सांगते.

आणि काचेच्या पलीकडे आणखी एक प्रतीक्षा असते, पोहोचवायला आलेल्यांची. डिसेंबर १९९९ मधल्या आयसी-८१४ या विमानाच्या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. आज तिकीट नसलेल्याला निर्गमनाच्या दारातच थांबावे लागते. हार घालून, नमस्कार करून निरोप देणारे आपले कुटुंब कठड्याशी उभे राहते, आणि तेवढ्यात मागची गाडी हॉर्न वाजवते.

आता पुन्हा आरेकडे. ज्या मेट्रोने हा प्रवास सोपा केला, तिची कारशेड आरेत आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या झाडतोडीविरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. कारशेड २०२० मध्ये कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली. त्या जागेवरच्या प्रजापूर पाड्यातल्या आदिवासी कुटुंबांना आपली जमीन सोडावी लागली. शहरातले गोठे बाहेर काढण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने वसलेल्या या दूध वसाहतीआधीपासून वारली, कोकणा, मल्हार कोळी इथे राहत होते.

नकाशात पाहिले तर मिठी नदीही जवळपास मेट्रोचीच वाट धरते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून आरेच्या कडेने, सीप्झ-मरोळवरून ती विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा धावपट्टीही बंद पडली. आरेची माती पाणी मुरवते, खालचा विमानतळ त्या उपकारावर उभा आहे. मंद दिव्यांच्या त्या लाउंजमधली शांतता वरच्या जंगलाच्या जिवावर आहे, हे विमानतळ चालवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या मेट्रोसाठी आरेने एवढी झाडे दिली, तिच्या मार्गावर मध्यरात्रीनंतरही विमानतळाला जायची सोय हवी. रुळांच्या देखभालीसाठी रात्री गाड्या थांबवाव्या लागतात हे मान्य. मग त्या वेळात आरे-जेव्हीएलआर ते टर्मिनल-२ अशी बेस्टची बस तासाला एक तरी धावावी. तिचा उपयोग प्रवाशांइतकाच रात्रपाळी करणाऱ्या सफाई कामगारांना, स्वयंपाकघरातल्या माणसांना आणि सुरक्षारक्षकांनाही होईल. आणि टर्मिनलबाहेर निरोप द्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सावलीतली बाके, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह हवे. त्यासाठी कुणाच्या कार्डावर किती खर्च झाला हे तपासायची गरज नाही.