जीवनसत्त्वपूरके व शरीरातील खनिजे

आहाराव्यतिरिक्त गोळ्या, पूड किंवा अंतःक्षेपण या रूपांत दिलेल्या जीवनसत्त्वांमुळे शरीरातील काही खनिजांचे अभिशोषण, वाटप व साठा यांत बदल होतात. म्हणून जीवनसत्त्वाची मात्रा ठरविताना संबंधित खनिजाचाही विचार करावा लागतो. व्यवहारात तो पुष्कळदा केला जात नाही.

ड जीवनसत्त्व व कॅल्शियम : हा संबंध सर्वांत निकटचा आहे. ड जीवनसत्त्वावर प्रथम यकृतात व नंतर वृक्कात (मूत्रपिंडात) रासायनिक क्रिया होऊन त्याचे क्रियाशील रूप बनते. ते लघ्वांत्राच्या कोशिकांत कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिने निर्माण करविते. हे जीवनसत्त्व अपुरे असल्यास अन्नातील सु. १०–१५% कॅल्शियमच शोषले जाते. पुरेसे असल्यास हे प्रमाण ३०–४०% पर्यंत जाते. मात्रा अतिरिक्त झाल्यास हाडांतील कॅल्शियमही रक्तात उतरते. रक्तरसातील त्याचे प्राकृत प्रमाण दर १०० मिलि.मध्ये सु. ८.५ ते १०.५ मिग्रॅ. असते. ते बरेच वाढल्यास तहान, बहुमूत्रता, बद्धकोष्ठ, उलट्या व मानसिक गोंधळ ही लक्षणे दिसतात. पुढे वृक्काला कायमची इजाही होऊ शकते. भारतात ६०,००० आंतरराष्ट्रीय एककांची पूड आठवड्यातून एकदा घेण्यासाठी सर्रास दिली जाते. ती गैरसमजाने रोज घेतल्यामुळे विषबाधा झालेले रुग्ण आढळले आहेत. प्रौढांसाठी दैनिक कमाल मर्यादा सामान्यतः ४,००० एकके धरतात, हे पाहता त्यात नवल नाही. हे जीवनसत्त्व मेदात साठत असल्याने पूड थांबविल्यावरही परिणाम अनेक आठवडे टिकतो. याउलट, मॅग्नेशियमाची तीव्र न्यूनता असल्यास ड जीवनसत्त्व देऊनही रक्तातील कॅल्शियम अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.

ब१२ जीवनसत्त्व व पोटॅशियम : या जीवनसत्त्वाच्या न्यूनतेने झालेल्या तीव्र पांडुरोगात ते दिल्यावर अस्थिमज्जेत तांबड्या कोशिका झपाट्याने तयार होऊ लागतात. त्यांना लागणारे पोटॅशियम रक्तरसातून घेतले जात असल्याने पहिल्या काही दिवसांत त्याची पातळी घसरू शकते व हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. लोहही खर्ची पडून लपलेली लोहन्यूनता उघड होते. रोगी सुधारत असतानाच हे घडते, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक.

क जीवनसत्त्व व लोह : धान्ये व डाळी यांतील लोह क जीवनसत्त्वामुळे फेरिक रूपातून सहज शोषल्या जाणाऱ्या फेरस रूपात येते. जेवताना वरणावर लिंबू पिळण्याची पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. निरोगी माणसाला त्यासाठी गोळीची गरज नाही. लोहाचा अतिसंचय झालेल्या थॅलॅसेमियाच्या रुग्णांत मात्र क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने साठलेले लोह मोकळे होऊन हृदयाला अपाय होऊ शकतो, म्हणून त्यांना ते तज्ञ वैद्याच्या देखरेखीखालीच देतात.